हस्तर वारशात येतो

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ 12 ऑक्टोबर 2018 रोजी प्रदर्शित झाला तेव्हा त्याला बेताचाच प्रेक्षक मिळाला. 13 सप्टेंबर 2024 रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला करून गेला. मधल्या काळात त्याच्याबद्दल भरपूर लिहिलं गेलं, पण बहुतेकांचा सूर एकच होता: ही लोभाची गोष्ट आहे. चित्रपट सुरू होतानाच लोभाविषयीचं गांधीजींचं वचन पडद्यावर येतं, तेव्हा या अर्थाला चित्रपटाचाही आधार आहे. तरी मला तो अपुरा वाटतो. लोभ कुणालाही, कुठेही सुटू शकतो. ‘तुंबाड’मधला हस्तर मात्र एका वाड्याच्या पोटात राहतो आणि त्याच्याकडे जाण्याची वाट एक पिढी दुसऱ्या पिढीला दाखवते. म्हणून मी ही आधी वारशाची गोष्ट मानतो. लोभ त्या वारशातून आलेला आहे.

हस्तर हा समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा. देवीकडे सोनं होतं आणि धान्यही. त्याने सगळं सोनं घेतलं आणि धान्यालाही हात घालायला गेला, तेव्हा बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला वाचवलं, पण त्याची पूजा कधी होणार नाही या अटीवर. पुढे तुंबाडच्या एका घराण्याने सोन्यासाठी त्याचं मंदिर बांधलं, आणि देवांचा कोप म्हणून गावावर पाऊस कोसळत राहिला. हस्तरच्या लंगोटात सोन्याच्या मोहरा आहेत आणि पोटात कायमची भूक.

1918 साली या वाड्यात सरकार नावाचा म्हातारा त्या सोन्याची वाट पाहत मरतो. विनायक हा त्याचाच मुलगा, पण वाड्यात राबणाऱ्या बाईच्या पोटी झालेला. त्याला बापाचं नाव मिळालेलं नाही. आई त्याच्याकडून तुंबाडला परत न येण्याचं वचन घेते आणि त्याला पुण्याला नेते. पंधरा वर्षांनी तो ते वचन मोडून परततो. ज्याला वारसा नाकारला गेला, त्याला तो वारसा मोडायचा नाही, त्यात आपला वाटा हवा आहे. चित्रपटाने हे फार अचूक पकडलं आहे. अन्यायी मिळकतीच्या दाराबाहेर उभा राहिलेला माणूस ती मिळकतच चुकीची आहे असं क्वचित म्हणतो. आपल्याला आत का घेतलं नाही, एवढीच त्याची तक्रार असते.

आता वाड्यातल्या विहिरीतलं दृश्य जवळून पाहू. विनायक दोर धरून खाली उतरतो. खाली हस्तर राहतो तो देवीचा गर्भ आहे, ओला, लाल, धडधडणारा. विनायक आपल्याभोवती पिठाचं रिंगण आखतो, कारण हस्तरला ते ओलांडता येत नाही. मग कणकेची बाहुली पुढे करतो. हस्तर झडप घालून ती खाऊ लागतो, आणि तेवढ्या क्षणांत विनायक त्याच्या लंगोटातून हाताला लागतील तेवढ्या मोहरा ओरबाडून दोराने वर येतो. या घराण्याची सगळी कमाई अशी होते: भुकेल्यापुढे मूठभर पीठ टाकायचं आणि तो खाण्यात गुंतला की त्याचं सोनं काढून घ्यायचं. ज्या धान्यासाठी हस्तर शापित झाला, तेच धान्य त्याला फसवायला वापरलं जातं. या दृश्यात लोभ आहेच, पण त्याहून जास्त दिसते ती कमाईची एक रीत. आणि रीत शिकवता येते.

1947 मध्ये विनायक ती आपल्या मुलाला शिकवतो. पांडुरंगाचा पाय अधू आहे, तरी बाप त्याच्याकडून घरी दोरावर चढण्या-उतरण्याची तालीम करून घेतो. एखादा बाप मुलाला दुकानाची गादी सांभाळायला शिकवतो, तितक्याच मायेने आणि तितक्याच कडकपणे. यातल्या कुठल्याही रक्तापेक्षा मला हे अधिक भयावह वाटतं. थोडं थोडं काय न्यायचं, सगळा लंगोटच काढून घेऊ, ही कल्पना पांडुरंगाची असते. मुलगा बापाच्या पुढे जातो. त्याला आयतं कसब मिळालेलं असतं आणि त्याच्याकडे कुठल्या आईला दिलेलं वचन नसतं.

इथे एक उणीव सांगितली पाहिजे. राही बर्वे यांच्या मनात या चित्रपटाचं बीज नारायण धारपांच्या कथेने पेरलं, आणि नाव आलं श्री. ना. पेंडसे यांच्या 1987 सालच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून. पेंडशांच्या नावात खोत होता, चित्रपटात तो उरला नाही. पडद्यावरचं तुंबाड जवळपास ओस आहे. वाडा आहे, पाऊस आहे, पण कुळं नाहीत. कोकणातल्या भातशेतीच्या गावात ज्यांच्या घामातून वाडे उभे राहिले, ती माणसं चौकटीबाहेर आहेत. त्यामुळे घराण्याचं पाप हे घराण्याचं खासगी प्रकरण वाटू लागतं.

प्रत्यक्ष कोकणात ते खासगी नव्हतं. खोत सरकारसाठी सारा वसूल करी आणि त्या अधिकाराच्या जोरावर कुळांकडून जास्तीचा वाटा घेई, वेठबिगारही करून घेई. हा अधिकार वंशपरंपरेने चाले. चित्रपटातला विनायक तुंबाडला परततो त्याच 1933 साली अलिबाग तालुक्यात चरी इथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. तो 1939 पर्यंत चालला. कुळांनी जमीन कसायचंच बंद केलं, उपासमार सोसली, पण मागे हटले नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, आणि जानेवारी 1938 मध्ये शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. खोती निर्मूलनाचा कायदा व्हायला मात्र 1949 उजाडलं. हस्तरला खऱ्या अर्थाने उपाशी ठेवलं ते या माणसांनी. पिठाची बाहुली द्यायलाच त्यांनी नकार दिला.

तरीही ‘तुंबाड’चं मोठेपण त्याच्या शेवटात आहे, आणि ते नीट कळायला 2018 मधलाच अॅरी अॅस्टर यांचा ‘हेरेडिटरी’ हा अमेरिकी चित्रपट शेजारी ठेवून पाहावा. तिथेही आजीकडून नातवाकडे एक दुष्ट शक्ती येते. पायमन नावाच्या सैतानाला देह हवा असतो आणि आजीने कुटुंबातल्या कुणालाही न विचारता त्याची तजवीज करून ठेवलेली असते. त्या घरातलं कुणीही काहीही करो, शेवट ठरलेला असतो. नातू पीटरच्या संमतीला किंमतच नसते. मानसिक आजार आणि दुःख घराण्यातून झिरपतं, त्याचं ते चित्रण फार खरं आहे. पण मिळकतीच्या वारशाला तो न्याय लावता येत नाही. मिळकत घ्यायला हात पुढे करावाच लागतो.

‘तुंबाड’मध्ये नेमका तो क्षण येतो. जास्त बाहुल्या नेल्यामुळे जास्त हस्तर प्रकटतात. मुलाला वाचवण्यासाठी विनायक बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधून दोरावर चढतो आणि हस्तरांच्या स्पर्शाने शापित होऊन विहिरीबाहेर पडतो. विद्रूप झालेला तो बाप मोहरांनी भरलेला लंगोट मुलापुढे धरतो. मरता मरता त्याला हेच सर्वांत मोलाचं देणं वाटतं. पांडुरंग रडतो, पण लंगोट घेत नाही. तो बापाला जाळून मुक्त करतो आणि निघून जातो. बापाचा त्याग खरा आहे, त्याचं प्रेमही खरं आहे. तरी त्याचं देणं नाकारावं लागतं. प्रेमाने दिलं म्हणून सोनं शुद्ध होत नाही, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारी कलाकृती आपल्याकडे विरळा.

हिंदू कायद्याच्या जुन्या परंपरेत बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं, नातवाचं, पणतूचं धर्मकर्तव्य मानलं जाई. त्यालाही एक अपवाद होता: जुगार, दारू अशा कामांसाठी काढलेलं कर्ज ‘अव्यावहारिक’ ठरे आणि ते मुलावर बंधनकारक नसे. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने पुढच्या कर्जांपुरतं हे कर्तव्यच संपवलं. म्हणजे बापाचं वाईट कर्ज नाकारण्याची सोय आपण पूर्वीपासून करून ठेवली. बापाच्या वाईट मिळकतीबद्दल मात्र तोच प्रश्न घरात कुणी काढत नाही. ती कुठून आली, कुणाच्या वाट्याचं त्यात आहे, हे विचारणं उद्धटपणा समजला जातो. वारसा सोडण्याचा आग्रह आपण धरतो तो फक्त बहिणींकडे. महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, तरी हक्कसोडपत्रावर सही करायला आजही त्यांनाच बसवलं जातं. ‘तुंबाड’मध्येही बायका वाड्यात राबतात, साखळीने बांधलेल्या शापित म्हातारीला भरवतात, आणि मोहरा पुरुषांकडे जातात.

आपल्यापैकी प्रत्येकजण कुणाचा ना कुणाचा वारस आहे, आणि बरेचजण उद्या काहीतरी मागे ठेवणार आहेत. मृत्युपत्रात मिळकतीची यादी लिहिताना ती कशी आली हेही मुलांना सांगावं. कुणाची जमीन, कुणाचा वाटा, कुणाची मजुरी त्यात अडकली असेल तर ती आपल्या हयातीतच परत करावी, आणि बहिणीचा हिस्सा तिने मागण्याआधी तिच्या नावावर करावा. पांडुरंगाला नकार द्यायला बापाला जाळावं लागलं. आपल्या मुलांवर ती वेळ येऊ न देणं आपल्या हातात आहे.