अभावाचा नकाशा

जे नाही ते कळते कसे, हा भारतीय दर्शनांतील एक जुना आणि गंभीर प्रश्न आहे. उत्तरकालीन वैशेषिकांनी अभाव, म्हणजे एखाद्या वस्तूचे नसणे, हा सातवा पदार्थ मानला. कुमारिल भट्टांच्या मीमांसेने आणि अद्वैत वेदान्ताने त्याच्या ज्ञानासाठी अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणे, हे स्वतंत्र प्रमाण स्वीकारले. ज्या वस्तूचा अभाव असतो तिला न्यायशास्त्रात प्रतियोगी म्हणतात, आणि प्रतियोगीची जाण आधीच असल्याखेरीज त्याचा अभाव ध्यानात येत नाही, असा नैयायिकांचा सिद्धान्त आहे.

हा सिद्धान्त कोल्हापूरच्या पदपथांनाही लागू पडतो. अंबाबाईच्या दर्शनासाठी महाद्वार रोडने पायी निघालेला धडधाकट भाविक पदपथाची कड एका पावलात चढून जातो. उताराची गरज त्याला कधी भासलेलीच नसल्यामुळे, जेथे उतार नाही तेथेही काही उणे आहे असे त्याला वाटत नाही. व्हीलचेअरवरील भाविकाच्या मनात मात्र उतार असलेली मोकळी वाट हा प्रतियोगी सतत जागा असतो, म्हणून तुटलेली फरशी, वाटेत रोवलेला विजेचा खांब किंवा आडवी लावलेली दुचाकी त्याला लगेच दिसते, आणि पुष्कळदा त्याची वाट तेथेच संपते.

पदपथांची रुंदी, कडेची उंची, उतार आणि अडथळे यांची नोंद करणाऱ्या सुगम्यता-नकाशाचे मोल यातच आहे, कारण तो शहराच्या अभावांना सर्वांना दिसेल असे रूप देतो. बर्लिनमध्ये २०१० साली सुरू झालेल्या 'व्हीलमॅप' या उपक्रमात सामान्य नागरिकच हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगांनी ठिकाणांची सुगम्यता नोंदवतात. पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेने सांगितले. ती रुंदी टेपने मोजता येते, परंतु कोणती वाट खरोखर पार होते याचा निर्वाळा ती वापरणाऱ्यानेच द्यावा लागतो. नसीमा हुरजुक यांच्या पुढाकाराने १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था ज्या शहरात उभी राहिली, त्या शहरात असे जाणकार शोधायला दूर जावे लागणार नाही.

अपंगत्व हे पूर्वकर्माचे फळ आहे, असे म्हणून हा प्रश्न बाजूला सारणारे लोक आजही आढळतात. कर्मसिद्धान्त प्रारब्ध, म्हणजे फळ देऊ लागलेले कर्म, आणि क्रियमाण, म्हणजे आज घडत असलेले कर्म, असा भेद करतो. शरीराची अवस्था वादापुरती प्रारब्ध मानली, तरी पदपथाची उंच कड हे ती बांधणाऱ्या आणि तशीच राहू देणाऱ्या समाजाचे क्रियमाण आहे, आणि त्याचे उत्तरदायित्व दुसऱ्या कोणाच्या गतजन्मावर टाकता येत नाही.

म्हणूनच येथे दयेची भाषा अपुरी ठरते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने सुगम्यतेला हक्काचे अधिष्ठान दिले, आणि राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या पातळीवर न राहता बंधनकारक असले पाहिजेत, असा निर्णय दिला. तेव्हा कोल्हापूरच्या प्रत्येक प्रभागात रस्त्याचे नवे काम हाती घेण्यापूर्वी दिव्यांग नागरिकांना बरोबर घेऊन असा नकाशा तयार करावा आणि कामाचा आराखडा त्यावरूनच ठरवावा; देवीच्या दारापर्यंतची वाट सर्वांसाठी मोकळी करणे हे या तीर्थक्षेत्राचे आजचे धर्मकर्तव्य आहे.