सणातला वाटा

बाल्सम फरची डहाळी थंडी पडायच्या आधी तोडली, तर तिची सुईसारखी पानं लवकर झडतात. कडाक्याच्या थंडीच्या काही रात्री अंगावर घेतल्या, की पानं फांदीला घट्ट धरतात आणि पुढे कित्येक आठवडे हिरवी राहतात. म्हणून अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यात, माणसं जंगलात शिरतात ती हिवाळ्याची चाहूल लागल्यावर. हातानेच शेंडे मोडतात आणि जुड्या खांद्यावर टाकून बाहेर आणतात. यांतले बरेच जण ऑगस्टमध्ये याच भागात ब्लूबेरी तोडायला असतात. काही तिथलेच पॅसामाक्वॉडी आदिवासी, काही मेक्सिको-होंडुरासहून पोटासाठी आलेले. शेंड्यांच्या जुड्या तारेच्या कड्यात आवळून लाल फीत बांधली, की नाताळात दारावर लावायचं हिरवं चक्र तयार होतं. आपल्याकडे जे तोरणाचं, तेच तिकडे या चक्राचं.

१९९२ साली हॅरिंग्टन गावातले चक्रांचे व्यापारी मॉरिल वूस्टर यांच्याकडे हंगामाच्या शेवटी पाच हजार चक्रं उरली. लहानपणी ते घरोघर वर्तमानपत्र टाकायचे. त्यात बक्षीस म्हणून बाराव्या वर्षी वॉशिंग्टनची सहल मिळाली होती आणि त्या सहलीत पाहिलेली आर्लिंग्टनची राष्ट्रीय दफनभूमी डोक्यात राहिली होती. मेनच्या तेव्हाच्या प्रतिनिधीगृह सदस्य ऑलिंपिया स्नो यांनी परवानगीचं पाहिलं, ट्रकची सोय झाली आणि ती चक्रं आर्लिंग्टनच्या जुन्या भागात गेली, जिथल्या थडग्यांकडे फिरकणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. पुढची बरीच वर्षं हे गाजावाजा न होता चालू होतं. २००५ मध्ये बर्फातल्या दगडांना टेकलेल्या हिरव्या चक्रांचं एक छायाचित्र इंटरनेटवर फिरलं आणि उपक्रमाचा महापूर झाला. आता डिसेंबरातल्या एका शनिवारी चार हजारांहून अधिक ठिकाणी वीस लाखांहून जास्त चक्रं ठेवली जातात.

उरलेल्या मालातून निघालेलं पुण्य म्हणून कुणी नाक मुरडेल. मला त्यात गैर वाटत नाही; घरोघरचे बरेच कुलाचार असेच अडीअडचणीतून निघाले असावेत. प्रश्न वेगळा आहे. मृत सैनिकांची आठवण ठेवायला अमेरिकेत मे महिन्याचा शेवटचा सोमवार राखून ठेवलेला आहेच. त्या वेळी आर्लिंग्टनमध्ये ‘ओल्ड गार्ड’ पलटणीचे जवान प्रत्येक दगडापुढे एक छोटा झेंडा रोवतात, दगडापासून बरोबर एका बुटाच्या अंतरावर. चार लाखांहून अधिक माणसं तिथे पुरलेली आहेत. एवढं सगळं शिस्तीत होत असताना लोकांना डिसेंबरात पुन्हा तिथे का जावंसं वाटतं?

याचं उत्तर मला त्या दगडांतच दिसतं. सरकारी दगड पांढऱ्या संगमरवराचा, ४२ इंच लांब, १३ इंच रुंद, ४ इंच जाड. सेनापती असो वा शिपाई, माप तेच. सरकारचा आदर असा मापात बसलेला असतो आणि तो तसाच असायला हवा. त्यात कमी-जास्त झालं तर अन्याय होईल. पण सरकार आठवण ठेवतं ती सैनिकाची. सणाला घरात जो नसतो, तो कुणाचा तरी मुलगा असतो, बाप असतो, जेवायला बसताना मुद्दाम उशीर करणारा भाऊ असतो. मे महिन्यातला झेंडा पहिल्यासाठी, डिसेंबरातलं चक्र दुसऱ्यासाठी. दारावरची वस्तू दफनभूमीत नेणं म्हणजे त्या माणसाला सणातला त्याचा वाटा देणं. स्वयंसेवकांना एक सूचना असते: चक्र ठेवताना दगडावरचं नाव मोठ्याने वाचा. सगळ्या उपक्रमातली मला पटलेली गोष्ट हीच. वाचणाऱ्याची जीभ परक्या आडनावावर अडखळते, आणि तेवढा वेळ तरी तो दगड रांगेतला एक राहत नाही.

पण घरचा आदर घाऊक प्रमाणात करायला गेलं की अडचणी येणारच. पहिली धर्माची. चक्र कितीही ‘सदाहरित जीवनाचं’ म्हटलं, तरी ते नाताळचं आहे. आर्लिंग्टनच्या दगडांवर मात्र क्रॉसखेरीज दाऊदचा तारा आहे, चंद्रकोर आहे. सरकारने मान्य केलेली अशी धर्मचिन्हं सत्तरहून अधिक आहेत आणि त्यांत हिंदूंचंही आहे. विक्का पंथाच्या पंचकोनी ताऱ्याला तर कोर्टकचेऱ्या होऊन २००७ मध्ये जागा मिळाली. ज्यूंची रीत थडग्यावर गोटा ठेवण्याची. म्हणून दाऊदच्या ताऱ्याच्या दगडापाशी, कुटुंबाने मागितल्याशिवाय चक्र ठेवू नये, असं सांगितलं जातं. सैन्यातल्या धर्मस्वातंत्र्यासाठी भांडणाऱ्या एका संघटनेचा आक्षेप याच्या पुढचा आहे: ज्याला विचारलेलंच नाही, त्याच्या थडग्यावर दुसऱ्याच्या सणाची वस्तू ठेवायचीच कशाला? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घरात आपण कुणाच्या ताटात काय वाढायचं ते माणूस पाहून ठरवतो. लाखोंच्या पंगतीत ते जमत नाही.

दुसरी अडचण पैशाची. लोक पंधरा-सतरा डॉलर देऊन एकेक चक्र पुरस्कृत करतात. पैसे गोळा करणारी संस्था ना-नफा आणि चक्रं मुख्यतः पुरवणारी कंपनी वूस्टर कुटुंबाची, नफ्यावर चालणारी. यावर अमेरिकी वर्तमानपत्रांनी वेळोवेळी बोट ठेवलं आहे. सगळा व्यवहार उघड आणि नियमाने होतो, असं संस्थेचं म्हणणं. देवळाबाहेरचा हारवालाही धंदाच करतो आणि त्याने भक्ती बाटत नाही, हे मला मान्य आहे. फक्त हारवाल्याने देवस्थानच्या विश्वस्त मंडळात बसू नये, इतकंच.

आर्लिंग्टनचा इतिहास पाहिला तर ‘सगळ्यांना सारखा मान’ हेही फार जुनं नाही. अमेरिकी यादवी युद्धातला दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याच्या सासरच्या इस्टेटीवर १८६४ मध्ये ही दफनभूमी झाली. तिच्या २७ क्रमांकाच्या विभागात गुलामीतून सुटलेले सुमारे ३,८०० लोक पुरलेले आहेत. अनेक दगडांवर नावाखाली फक्त ‘सिटिझन’ कोरलेलं. जिवंतपणी ज्यांना नागरिकत्व मिळालं नाही, त्यांच्या थडग्यावर तो शब्द आला. काळ्या सैनिकांची थडगी तर १९४८ पर्यंत वेगळ्या विभागांत होती. मापाचा दगड मिळाला, तरी जागा मापाची नव्हती.

मृत सैनिकाला सणातला वाटा देण्याची हीच गोष्ट फिनलंडमध्ये निराळ्या वाटेने गेली. १९३९ ते १९४४ च्या दरम्यान रशियाशी झालेल्या युद्धांत फिनिश सैन्याने शक्य तितके मृतदेह आघाडीवरून ज्याच्या त्याच्या गावी पोचवले. त्यासाठी खास तुकड्या होत्या. त्या मृतदेह धुऊन, शवपेटीत ठेवून रवाना करत. त्यामुळे तिथे बहुतेक प्रत्येक चर्चच्या आवारात वीरांची थडगी आहेत, त्यांच्याच आजी-आजोबांच्या शेजारी. नाताळच्या आदल्या संध्याकाळी अख्खं गाव मेणबत्त्या घेऊन तिथे जातं. मोहीम नाही, वर्गणी नाही, ट्रकचा ताफा नाही. पणजोबांना लावायची मेणबत्ती पिशवीत असतेच. जवानाची तिच्याबरोबर येते.

आणि ज्यांची थडगी सरहद्दीपलीकडे गेली, त्यांचं काय? युद्धानंतर सरहद्दीवरच्या करेलिया प्रांताचा मोठा भाग रशियाला द्यावा लागला आणि सुमारे चार लाख माणसं घरदार सोडून अलीकडे आली. त्यांचे मृत तिकडेच राहिले. म्हणून फिनलंडच्या कित्येक दफनभूमींत करेलियात राहिलेल्यांसाठी एक वेगळं स्मारक आहे. त्याच्याखाली कुणी पुरलेलं नाही, तरी नाताळात त्याच्यापुढे मेणबत्त्यांची दाटी होते.

हे वाचताना आपल्या मुलुखातला माणूस थबकतोच, कारण आपले बहुतेक सैनिक असे थडग्यावाचूनचे आहेत. फ्रान्समधल्या नव्ह-शापेलच्या स्मारकावर पहिल्या महायुद्धातल्या ४,७०० हून अधिक हिंदुस्थानी जवानांची नावं आहेत. नुसती नावं. रायगड जिल्ह्यातल्या माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनच्या मोर्च्यावर चालून गेले आणि पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नाव तिथल्याच कॅसिनो गावच्या स्मारकावर आहे. उलट, पहिल्या महायुद्धाच्या काळात इथे मेलेल्या १,८०० हून अधिक गोऱ्या सैनिकांची नावं पुण्याजवळ खडकीच्या स्मारकावर आहेत. भारत-पाकिस्तानभर विखुरलेली त्यांची थडगी राखणं जमेना, म्हणून. त्यांचे लोक इकडे येऊ शकत नाहीत, आपले तिकडे जाऊ शकत नाहीत.

थडग्यावाचून आठवण ठेवायची सोय महाराष्ट्राने फार पूर्वी केली होती. गावोगावच्या देवळापाशी वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन चाललेल्या, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. बहुतेकांवर नाव नाही. कित्येकांना शेंदूर फासून गावाने त्यांचा देव केला आहे, आणि देव झाला की तो कुणाचा मुलगा होता हे विचारायचं कारण उरत नाही.

दिवाळीत तर सैनिक आपल्या अंगणातच असतो. पोरं मातीचा किल्ला करतात, अळीव पेरतात, बुरुजाबुरुजावर मावळे उभे करतात. हे मला मनापासून आवडतं. फक्त मातीचा मावळा मरत नाही, सणानंतर तो खोक्यात जातो. ज्याच्या घरी तिरंग्यात गुंडाळलेली पेटी आली, त्या घराला दिवाळीत जागा कुठे? वर्षाच्या आत मृत्यू झालेल्या घरात फराळ करत नाहीत, तो शेजारी नेऊन देतात. ही फार शहाणी रीत आहे. पण ती पहिल्या दिवाळीपुरती. दुसऱ्या दिवाळीला त्या घरात कढई चढते, असं सगळे गृहीत धरतात आणि डबा यायचा थांबतो. तोवर रस्त्याला नाव दिलेलं असतं, चौकात फलक लागलेला असतो.

काही ठिकाणी भाऊबीजेला वीरपत्नींना बोलावतात, ओवाळणी होते. हेतू चांगला. पण हे बहुधा सभागृहात होतं, मंचावर पाहुणे असतात, सूत्रसंचालक असतो, आणि त्या बाईला साडीचं खोकं हातात धरून छायाचित्रकाराकडे बघावं लागतं. मला विचाराल तर पाहुण्यांनीच तिच्या घरी जावं. दोन-तीनच माणसं असावीत, आधी निरोप द्यावा, पाटावर बसावं, तिने केलेलं खावं, आणि भिंतीवरच्या फोटोतल्या माणसाला काय आवडायचं ते विचारावं. चकली म्हणाली, तर पुढच्या वर्षी चकली न्यावी.