दमलेल्या घरासाठी

एखाद्या मुलाच्या बाबतीत मारामारी, चोरी, घरातून पळून जाणं हे महिनोन्‌महिने चालू राहिलं, की डॉक्टर त्याला वर्तनविकार म्हणतात. शेजारीपाजारी मात्र आईनं वळण लावलं नाही, असं म्हणतात. अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी अशा कुटुंबांचं बारकाईनं निरीक्षण केलं. मूल थयथयाट करतं, थकलेली आई माघार घेते, आणि थयथयाट कामी येतो हे मूल शिकतं. पुढच्या वेळी आईचाही आवाज चढतो. हे चक्र त्यांनी १९८२ साली पुस्तकातून मांडलं.

म्हणून उपचारात आईबाबांनाही शिकवतात. नियम थोडे, पण रोज तेच. मार नाही. मूल नीट वागलं, की लगेच कौतुक. हेच सर्वांत अवघड, कारण दमलेल्या घराला चांगलं दिसेनासं होतं. अशा आईबाबांना नावं ठेवू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक मात्र जरूर द्या.