निजेचा भाव

‘स्वस्त’ या शब्दाला आपल्या घरांत केवढा मान आहे! दिवाळीच्या बाजारातून परतलेल्या गृहिणीने आकाशकंदील कितीला पडला ते सांगावे आणि शेजारणीने ‘अगबाई, स्वस्तात मिळाला की!’ असे म्हणावे, यापरते समाधान नाही. त्यात वाईटही काही नाही. महिनाअखेरीस ज्यांना हिशेबाची वही उघडायची भीती वाटते त्यांनी चार पैसे वाचविले तर त्यांस कोण नावे ठेवील? आमच्यासारख्या शाळामास्तरांनी तर मुळीच ठेवू नयेत. परंतु वस्तू स्वस्त झाली म्हणजे तिच्या किमतीतला जो भाग आपण दिला नाही, तो गेला कोठे? हवेत विरला, की दुसऱ्या कोणाच्या अंगावर पडला? कंदिलाच्या बाबतीत हा प्रश्न सोडून देता येतो. विमानाच्या बाबतीत मला तो सोडवत नाही.

नगर जिल्ह्यातल्या मास्तराला विमानाची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, जिभेवरचे ‘नगर’ उतरायला वेळ लागेल.) १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी पुण्याहून निघाली ती आमच्या नगरला आली, हा आमचा जुना अभिमान. त्यानंतर एकोणसत्तर वर्षांनी, १ ऑक्टोबर २०१७ रोजी, कोपरगाव तालुक्यात काकडी गावाजवळ शिर्डीचा विमानतळ सुरू झाला. पावसाची वाट पाहण्यापलीकडे ज्या माळावर आकाशाकडे पाहण्याचे कारण नव्हते, तेथे माणसे विमानाच्या आवाजावरून वेळ सांगू लागली. २०२५ पासून तेथे रात्रीही विमाने उतरू लागली. परगावच्या भक्ताला पहाटेची काकड आरती गाठता यावी, हे त्यामागचे एक कारण म्हणून सांगितले गेले. आता आमच्याकडचे शेतकरी, दुकानदार, निवृत्त शिक्षक विमानाने जातात, आणि तिकीट किती स्वस्तात मिळाले ते आल्यावर सांगतात. तिरुपतीच्या दर्शनापेक्षा कधी कधी तिकिटाचेच वर्णन लांबते.

ही स्वस्ताई कोठून आली? आपल्याकडे तिची सुरुवात २००३ साली ‘एअर डेक्कन’ने केली. कॅप्टन गोपीनाथ या लष्करातून बाहेर पडून शेती केलेल्या गृहस्थाने ती कंपनी काढली. आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ तिचे बोधचिन्ह होता आणि काही तिकिटे तर तिने एका रुपयाला विकली. सामान्य माणसाने उडावे हे स्वप्न थोर होते, हे मी मनापासून मानतो. ज्या देशात विमान म्हणजे श्रीमंतांचा रथ होता, तेथे धोतर नेसलेला म्हातारा खिडकीपाशी बसला, ही लहान गोष्ट नव्हे. मागोमाग २००५ साली ‘स्पाइसजेट’ आणि २००६ साली ‘इंडिगो’ आली.

पण गणित गणित असते. विमानाचे इंधन कंपनीच्या सांगण्यावरून स्वस्त होत नाही. विमाने पुष्कळदा भाड्याची, आणि ते भाडे डॉलरमध्ये मोजायचे. मग काटकसर करायची कोठे? विमान जमिनीवर कमीत कमी वेळ ठेवायचे, अर्ध्या तासात उतारू उतरवून दुसरे चढवायचे, दिवसातून जितक्या फेऱ्या होतील तितक्या करायच्या. यंत्राला याचे काही वाटत नाही. यंत्राबरोबर जी माणसे आहेत त्यांचे दिवस आणि रात्री मात्र या वेळापत्रकात मावतील तशा मावतात. पहाटे दोनला उठायचे, उद्या दुपारी निघायचे, परवा रात्रभर जागायचे. शरीर एका घडीला रुळते न रुळते तोच घडी बदलते.

येथे वाचक मला हटकतील. वैमानिक म्हणजे काय उपाशी माणूस? त्याचा महिन्याचा पगार लाखांत असतो. कप्तान झाला की आमच्यासारख्याची वर्षाची कमाई तो एका महिन्यात घेतो. त्याच्यासाठी गळा काढायचा म्हणजे साखर कारखान्याच्या चेअरमनच्या मधुमेहावर विलापिका लिहिण्यासारखे आहे! आक्षेप खरा आहे. वैमानिक गरीब आहे असे मला म्हणायचेच नाही. परंतु त्या लाखांच्या मागे काय असते तेही पाहावे. बारामती, गोंदिया, धुळे अशा ठिकाणी विमानचालन शिकवितात. त्या परवान्यापायी पन्नास लाखांपासून कोटीच्या घरात खर्च जातो. पुढे कंपनी ज्या जातीचे विमान वापरते त्याचे शिक्षण निराळे, त्याचा खर्च निराळा. बाप जमीन गहाण टाकतो, मुलगा पंचविशीच्या आत कर्जाचा धनी होतो, आणि नोकरी मिळेलच याची हमी कोणी देत नाही. मिळालीच तर करार असतो. २०१७ साली तर सरकारी नियम असा झाला की कप्तानाने नोकरी सोडायची तर एक वर्ष आधी सांगावे, सहवैमानिकाने सहा महिने.

आमच्या जिल्ह्यात या व्यवस्थेला जुना शब्द आहे : उचल. पाथर्डी-शेवगावकडची आणि बीडची माणसे मुकादमाकडून उचल घेतात आणि ऊस तोडायला कारखान्यावर येतात. नवराबायको मिळून एक कोयता. उचल फिटेपर्यंत हात बांधलेले, आणि आजारी पडून एक दिवस बसले तर ‘खाडा’ धरला जातो. वैमानिकाची आणि कोयत्याची बरोबरी मी करीत नाही. एकाच्या पायाखाली गालिचा आहे आणि दुसऱ्याच्या पायाखाली पाचट. पण दोघांच्या बाबतीत एक गोष्ट समान आहे. ‘आज माझ्याने होणार नाही’ हे वाक्य उच्चारण्याची किंमत दोघांनाही पडते.

त्याच उसाच्या गाडीवरून मला आणखी एक गोष्ट सुचते. पहाटे कारखान्याच्या रस्त्याला पाहावे, गाडीवान उसाच्या मोळ्यांवर गाढ झोपलेला असतो आणि बैल आपल्या अंगाने वाट चालत असतात. बैलांना वाट ठाऊक असते. विमानातही असे यंत्र असते; ते सरळ वाटेवर विमान आपोआप नेते. परंतु कारखान्याच्या फाटकाशी गाडीवानाला जागे व्हावेच लागते, आणि जाग येणे म्हणजे शुद्धीवर येणे नव्हे.

२२ मे २०१० च्या पहाटे मंगळूरला काय झाले ते पुष्कळांना आठवत असेल. ‘एअर इंडिया एक्स्प्रेस’ या स्वस्त भाड्याच्या कंपनीचे विमान दुबईहून आले. आदल्या रात्री तेच वैमानिक ते विमान घेऊन दुबईला गेले होते. डोंगरमाथ्यावरच्या त्या धावपट्टीवर विमान फार पुढे जाऊन टेकले, थांबले नाही, आणि दरीत कोसळले. १६६ जणांतले १५८ गेले. चौकशी न्यायालयाचे अध्यक्ष आपले एअर मार्शल भूषण गोखले होते. विमानातल्या ध्वनिमुद्रणात दोन तासांचा आवाज होता; त्यांपैकी सुमारे एक तास चाळीस मिनिटे कप्तानाचे बोलणे नाही, मधूनमधून घोरणे ऐकू येते. तो जागा झाला तो उतरण्याच्या थोडेसे आधी. सहवैमानिकाने विमान पुन्हा वर घ्या असे तीनदा सांगितले. ऐकले गेले नाही.

या अहवालातले एक वाक्य मला अधिक छळते. कप्तानाला उड्डाणापूर्वी पुरेशी विश्रांती मिळाली होती, असे त्यात नोंदलेले आहे. म्हणजे नियम मोडलेला नव्हता! कागदावर विश्रांती पुरी झाली होती आणि तरी माणूस झोपला. तेव्हा या अपघाताचे पाप कोणी स्वस्त तिकिटावर सरळ ढकलू लागला तर ते अन्यायाचे होईल. परंतु त्यातून दुसरे काही कळते. विश्रांती देता येते. झोप देता येत नाही. दुपारी दोन वाजता परक्या गावच्या हॉटेलात पडदे ओढून ‘आता झोप’ असे सांगितल्याने झोप येत असती, तर आमच्या वर्गातली मुले भूगोलाच्या तासाला इतकी ताजीतवानी का दिसली असती? रात्री बारा ते सहा या वेळेत देह झोप मागतो. तो पगाराची चिठ्ठी वाचीत नाही.

अमेरिकेतही हे शिकायला प्रेते मोजावी लागली. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलो शहराजवळ ‘कोलगन’ या छोट्या कंपनीचे विमान पडले. पन्नास माणसे मेली. तिकिटे मोठ्या कंपनीच्या नावाने विकलेली, उडविणारी कंपनी स्वस्तातली. चोवीस वर्षांची सहवैमानिक आईबापांच्या घरून, देशाच्या दुसऱ्या टोकाहून, रात्रभर दुसऱ्या विमानांतून प्रवास करीत कामावर आली होती. तिच्या तुटपुंज्या पगाराची चर्चा पुढे जाहीर सुनावणीत झाली. विमानातले जांभयांचे आवाज ध्वनिमुद्रणात होते. त्यानंतर २०१० साली कायदा झाला आणि विश्रांतीचे नवे नियम २०१४ पासून अमलात आले.

मला वाटते, वैमानिकाच्या पगाराचा प्रश्न आपण चुकीच्या बाजूने पाहतो. त्याला किती मिळते यापेक्षा ते कशाबद्दल मिळते हे महत्त्वाचे. त्याच्या वेतनाचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर असतो. एप्रिल २०२४ मध्ये ‘विस्तारा’च्या वैमानिकांनी कुरबूर केली, उड्डाणे रद्द झाली, तिचे मूळ हेच होते. पूर्वी महिन्याला सत्तर तासांचा पगार ठरलेला, तो नव्या करारात चाळीस तासांवर आणला होता. उरलेले उडाल तर मिळेल. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हे वाजवी आहे : काम तेवढा दाम. पण ज्या धंद्यात ‘आज मी थकलो आहे, उडविणार नाही’ असे म्हणणे हेच कधी कधी सर्वांत मोठे काम असते, तेथे त्या कामाचा दाम शून्य, किंबहुना उणे! नियम त्याला नकाराचा अधिकार देतो आणि करार त्या अधिकारावर खाडा धरतो. घराचा हप्ता, शिक्षणाचे कर्ज, मुलांची फी हे सारे डोळ्यांसमोर उभे असताना आपण खरोखरच थकलो आहोत की नाही, हे माणूस स्वतःलाही प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. आणि कंपनीच बुडाली तर? २०१९ साली ‘जेट’च्या आणि २०२३ साली ‘गो फर्स्ट’च्या वैमानिकांनी केलेल्या कामाचा पगारही थकलेला पाहिला.

आता आपल्या स्वतःच्या वागण्याकडे वळतो. जानेवारी २०२४ मध्ये विमानवाहतुकीच्या महासंचालकांनी नवे नियम जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती छत्तीस तासांची अठ्ठेचाळीस केली. रात्रीची व्याख्या पाच वाजेपर्यंत होती ती सहापर्यंत आणली. रात्रपाळीत सहादा विमान उतरविता येई, ते दोनवर आणले. कंपन्यांनी वेळ मागितला, तारीख पुढे गेली, वैमानिकांच्या संघटना दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेल्या. शेवटी जुलै आणि नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत नियम लागू झाले. सर्वांत मोठ्या कंपनीने, म्हणजे ‘इंडिगो’ने, पुरेशी तयारी केलेली नव्हती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिची हजारो उड्डाणे रद्द झाली. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारांहून अधिक. पुणे, मुंबई, नागपूर सगळीकडे माणसे बॅगांवर डोके ठेवून पडलेली. कोणाचे लग्न, कोणाची परीक्षा, कोणाच्या घरी मयत. त्यांचा संताप खोटा नव्हता. पण त्याच दिवशी काय झाले? कंपनीला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सवलत दिली गेली, आणि आपण सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

कादंबरीकार म्हणून मला हा क्षण फार बोलका वाटतो. माणसाच्या झोपेसाठी केलेला नियम, आणि आपला खोळंबा झाला की तोच प्रथम बाजूला. कंपनी दोषी होती यात शंका नाही. तिला जवळजवळ दोन वर्षे मिळाली होती. पण सवलत ज्या सहजपणे पचली तीत कंपनीबरोबर आपणही आलो. ‘थकलेला असला तरी चालेल, पण न्या’ असे तोंडाने कोणी म्हटले नाही. म्हणण्याची गरजही पडली नाही. त्या तिकिटांवर आपणच बसणार होतो, आपली मुले बसणार होती. स्वतःच्या जिवाच्या बाबतीतही माणूस इतकी घासाघीस करतो, हे कोणी मला आधी सांगितले असते तर मी त्याला अतिशयोक्ती म्हटले असते.

याचे एक कारण असे असावे की वैमानिक आपल्याला दिसत नाही. तो कुलुपबंद दाराआड असतो. आपल्याला ऐकू येतो तो त्याचा शांत, इस्त्री केलेला आवाज. एस.टी.त तसे नाही. रात्रीच्या गाडीत पुढच्या बाकावर बसलेल्याला ड्रायव्हरची मान दिसते, जड झालेल्या पापण्या आरशात दिसतात. मध्यरात्री एखाद्या ढाब्यापाशी तो गाडी बाजूला घेतो, डोळ्यांवर पाण्याचे हबके मारतो, आणि गाडीतले कोणीही कुरकुरत नाही. ‘घ्या सावकाश, मास्तर’ असे म्हणत दोघेचौघे खाली उतरतात, पाय मोकळे करतात, आणि त्यांच्यातला एखादा त्याच्या चहाचे पैसेही देऊन टाकतो.