ब्रुनोच्या गळ्यातला पट्टा



या वेळचा लेख पाठवायला उशीर झाला, कारण अर्धा लिहून मी तो दोनदा पुसला. विषय साधाच आहे, पण त्यात चूक माझी आहे, आणि ती इतक्या घरांत वाचली जाणार म्हटलं की बोट अडखळतं.

आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक तरुण जोडपं राहतं. दोघंही नोकरीला, सकाळी नऊला जातात ते संध्याकाळी सातला येतात. मागच्या वर्षी त्यांनी कुत्रा आणला, ब्रुनो. ते गेले की तो भुंकायला लागायचा. थांबून थांबून, पण दिवसभर. त्याच सुमारास सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. रात्री दुखण्यानं झोप नाही, आणि दुपारी जरा डोळा लागला की पलीकडून भों भों. त्या दचकून उठायच्या आणि रडायच्या. म्हणजे तक्रार खोटी नव्हती, एवढं आधी सांगते.

माझं म्हणाल तर स्वयंपाक आटोपून साडेनऊला मी पोथी घेऊन बसते. समोर दत्तमहाराजांची तसबीर, त्यांच्या पायाशी चार कुत्री, आणि मी ओळ वाचता वाचता मनात पाचव्याला शिव्या घालतेय! (आमच्या इंदुरात कचऱ्याची गाडी रोज गाणं वाजवत येते, वरातीतला डीजे खिडक्या हलवतो. त्यांची तक्रार मी कधी केली नाही. कुत्र्याची केली.)

शेवटी त्या मुलीला म्हटलं, “अगं, याचं काहीतरी करा बाई.” ती बिचारी ओशाळली. “हो काकू, बघतो आम्ही.” चार दिवसांत ऑनलाइन मागवलेला पट्टा आला आणि ब्रुनो गप्प झाला. एकदम गप्प. मी खूश होऊन त्यांच्याकडे वाटीभर शिरा पाठवला.

तो पट्टा कसला, ते मला पंधरा दिवसांनी कळलं. एका रविवारी त्यांच्याकडे गेले तर ती ब्रुनोच्या मानेला मलम लावत होती. केसांखाली दोन लाल ठिपके. पट्ट्याच्या आतल्या बाजूला धातूच्या दोन लहान खुंट्या असतात, त्या मानेला टेकून राहतात. कुत्रा भुंकला की आवाज किंवा घशाचा कंप ओळखून त्यातून विजेचा झटका बसतो. पट्टा तासन्‌तास घालून ठेवला तर नुसत्या टेकण्यानंही कातडी सोलते. विकणारे त्याला शॉक म्हणत नाहीत, ‘करेक्शन’ म्हणतात. ती म्हणाली, “काकू, अगदी कमीवर ठेवलाय.” मी म्हटलं, माझ्या मनगटाला लाव बघू. तिनं टेस्टचं बटण दाबलं आणि माझा हात आपोआप मागे आला. फार काही नव्हतं, फोडणीचं तेल उडावं इतकंच. पण झटका येणार आहे आणि का येणार आहे, हे मला माहीत होतं.

आता हे पाप कोणाचं? मी तर फक्त ‘काहीतरी करा’ म्हटलं होतं. बटण त्या मुलीनंही दाबलं नव्हतं. पट्टा आपला आपण चालतो, हीच तर त्याची सोय. घरात कोणी नसताना शिक्षा होते आणि कोणाच्याच हाताला ती लागत नाही. काठी मारणाऱ्याला निदान समोरचे डोळे तरी दिसतात.

बी.ए.ला मला मानसशास्त्र होतं. १९६७ सालचे सेलिगमन आणि मायर यांचे प्रयोग तेव्हा शिकले होते. काही कुत्र्यांना असे झटके दिले की काहीही केलं तरी ते चुकवता येऊ नयेत. नंतर त्यांना अशा पेटीत ठेवलं जिथे मधलं बुटकं फळकूट ओलांडलं की सुटका होती. तरी त्यातली बरीचशी जागीच पडून कण्हत राहिली. परीक्षेत मी हे छान लिहिलं होतं.

मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “आई, इथे तसं नाहीये. गप्प राहिलं की झटका नाही, म्हणजे ब्रुनोच्या हातात आहे ना.” त्याचं बरोबर होतं, आणि तरी मला पुढे बोलता येईना. झटका त्याच्या हातात होता, एकटेपणा नव्हता. तो भुंकत होता ते कोणी यावं म्हणून. पट्ट्यानं हाक बंद केली, एकटा तो तेवढाच राहिला. आणि आणखी एक आठवलं. हाच मुलगा लहानपणी पाहुण्यांसमोर काही बोलू लागला की मी डोळे वटारायची. तो गप्प बसायचा आणि ‘किती शहाणा मुलगा’ म्हणून कौतुक मी घ्यायची. आजही तो मनातलं सहज सांगत नाही.

कायद्याचंही पाहिलं. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये असे विजेचे पट्टे २०१० पासून बंद आहेत. आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, तो ‘अनावश्यक’ वेदना देऊ नका म्हणतो. सगळी गोम त्या शब्दात आहे. आवश्यक कोणाला? गुरांच्या मागे धावून जीव गमावणाऱ्या कुत्र्याला झटक्यानं वाचवता येतं, असं म्हणणारे आहेत. त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. पण इथे ब्रुनोचा जीव धोक्यात नव्हता. आमची झोप मोडत होती. आणि रानातला मोठा लांडगा क्वचितच भुंकतो म्हणतात. दारात कोणी आलं की ओरडणारा जीव माणसालाच हवा होता.

मी त्या मुलीची माफी मागितली. तीच रडायला लागली, म्हणाली, काकू, मला तरी कुठे आवडत होतं. पट्टा आता त्यांच्या कपाटात आहे आणि घराची एक किल्ली माझ्याकडे. बारा वाजता आणि तीन वाजता मी दहा मिनिटं जाऊन बसते. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ते दोघं सुट्टीच्या दिवशी त्याला पाच मिनिटं, मग दहा मिनिटं असं एकटं राहायला शिकवताहेत. सासूबाईंची कॉट आम्ही मागच्या खोलीत हलवली, हे खरं तर पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

ब्रुनो भुंकतो अजून. पूर्वीपेक्षा कमी, पण भुंकतो. परवा दुपारी त्यानं सुरू केलं तर सासूबाई पडल्या पडल्याच म्हणाल्या, “बघ गं, गॅसवाला आला वाटतं.” खरंच आला होता.