सहज दिलेले मत

सप्तापूरच्या चौकात सायंकाळी चहाच्या गाड्यापाशी क्षणभर उभे राहिले, तर जगातील यच्चयावत यंत्रांविषयी मत ऐकावयास मिळते. स्पर्धापरीक्षांच्या वर्गांतून सुटलेली मुले, निवृत्त प्राध्यापक, रिक्षावाले, सारेच त्यात सामील असतात. अमक्या कंपनीचा मोबाईल टाकाऊ, तमक्याचे घड्याळ नाडी मोजते ते सारे खोटे, विजेची स्कूटर चढणीवर दम टाकते, माणसासारखी उत्तरे देणारे संगणक लवकरच सर्वांच्या नोकऱ्या गिळणार! बोलणाऱ्याने त्यांपैकी एकही वस्तू हाताळलेली असते असे नाही. आम्हीही त्या घोळक्यात असतो आणि आमचेही मत तयार असते. ही एक निरुपद्रवी करमणूक आहे, अशी आमची गतवर्षापर्यंत समजूत होती.

ती समजूत ज्या प्रसंगाने ढळली, तो सभासद कुटुंबांना अंशतः ठाऊक आहे. त्यातील आमचा वाटा मात्र सर्वांस ठाऊक नसावा, म्हणून तो येथे नमूद करतो.

आपल्या देवळात दर गुरुवारी होणाऱ्या भजनासाठी मिरजेचा एक जुना तंबोरा होता. गतवर्षी चातुर्मासाच्या आरंभी त्याच्या भोपळ्याला चीर गेली. दुरुस्तीसाठी तो मिरजेस न्यावा की काय करावे, असा प्रश्न कार्यकारी मंडळापुढे आला. आमचे शिक्षण शाळेपुरतेच, परंतु घरात मोबाईलमधले काही अडले की आम्हांस हाक मारतात, त्याच न्यायाने मंडळींनी विचारले, “तुला या वस्तूंतलं कळतं. तू सांग.” आदल्या रात्री योगायोगाने आम्ही यांत्रिक तंबोऱ्याविषयीच्या दोन चित्रफिती पाहिल्या होत्या. तेवढ्या भांडवलावर आम्ही ताडकन सांगून मोकळे झालो, “डबा घ्यावा. त्याचा सूर कधी उतरत नाही, पावसाळ्याची भीती नाही, वाजवायला माणूस लागत नाही.” दहा मिनिटांत ठराव झाला. पुढच्या गुरुवारी डबा आला, उत्तम वाजला, आणि आमची पाठ थोपटली गेली.

जुना तंबोरा ज्या काकू धरीत असत, त्या त्या गुरुवारी आल्या आणि खांबाला टेकून, हात मांडीवर ठेवून बसल्या. त्याच्या पुढच्या गुरुवारीही आल्या. तिसऱ्या गुरुवारपासून त्या येईनाशा झाल्या. प्रकृती बरी नसेल असे सर्वांनी मानले, आम्हीही मानले. महिन्याभराने अण्णांनी, म्हणजे आमच्या तीर्थरूपांनी, प्रसाद देऊन आम्हांस त्यांच्या घरी धाडले. काकू ठणठणीत होत्या. आम्ही विचारले तेव्हा हसून म्हणाल्या, “छान वाजतो हो डबा. माझी बोटं तरी दुखायचीच.” मग थोड्या वेळाने, प्रसादाची वाटी विसळून परत देताना म्हणाल्या, “गाणं मला कधी आलंच नाही रे बाळ. तंबोरा होता म्हणून बसायला जागा होती.”

तक्रार म्हणून नव्हे, पाऊस थांबला आहे असे कोणी सांगावे तितक्या साधेपणाने त्या हे बोलल्या. परत येताना, ती रिकामी वाटी हातात घेऊन, आम्ही आमचे प्रत्येक वाक्य पुन्हा तपासून पाहिले. सूर उतरत नाही, हे खरे होते. पावसाळ्याची भीती नाही, हेही खरे. वाजवायला माणूस लागत नाही, हे तर सर्वांत खरे! खोटे आम्ही एक अक्षर बोललो नव्हतो. मग दोष कोणता?

प्रथम वाटले की दोष अज्ञानाचा. तंबोऱ्याविषयी आम्हांस काय माहीत होते? म्हणून आम्ही वाचू लागलो, विचारू लागलो. मिरजेत हे वाद्य घडविणारी घराणी मूळची शिकलगारांची, शस्त्रांना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात पटवर्धनांच्या संस्थानात हत्यारांचे काम मंदावले तेव्हा फरीदसाहेब आणि त्यांच्या बांधवांनी वाद्यांना हात घातला. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात, दांडी तुणीच्या लाकडाची असते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची खरी करामत मात्र घोडीत आहे. ती सपाट नसून किंचित उतरती, कमानदार असते. तार तिला जेमतेम स्पर्श करीत थरथरते, आणि मध्ये सुताचा धागा सरकवून कारागीर तो स्पर्श नेमका जुळवितो. यालाच जवारी म्हणतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली या घोडीवर निबंध लिहिला. तार जेथे छेडावी तेथे जे उपस्वर युरोपीय नियमाप्रमाणे निघूच नयेत, तेही तंबोऱ्यातून निघतात, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे १९७९ च्या सुमारास बंगळुरात जी. राजनारायण या अभियंता असलेल्या बासरीवादकाने विजेवर चालणारा तंबोरा बनविला. आरंभीच्या यंत्रांत आवाज विजेच्या मंडलातून निर्माण केला जाई. आजच्या बहुतेक डब्यांत आणि मोबाईलमधील तंबोऱ्यांत खऱ्या तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रणच पुनःपुन्हा वाजत असते. म्हणजे कोणीतरी, कोठेतरी, एके दिवशी मन लावून सूर जुळविला होता, तो दिवस आता संपत नाही इतकेच.

हे सर्व वाचून आनंद झाला खरा; पण हे ज्ञान सभेपूर्वी असते तर काय झाले असते? कदाचित आम्ही उलट मत दिले असते, जवारीवर छोटेसे व्याख्यान झोडले असते, आणि तंबोरा वाचला असता. काकूंची जागा योगायोगाने टिकली असती. पण त्या तेव्हाही आमच्या नजरेस आल्या नसत्या. आम्ही दोन वस्तूंची तुलना केली असती; वस्तूमागे बसलेले माणूस त्या तुलनेत आलेच नसते.

जाणत्यांच्या हातूनही हे घडते. आज आपण ज्या बाजाच्या पेटीवर आरत्या म्हणतो, तीही एके काळी नवी यांत्रिक वस्तूच होती. तिचा जन्म १८४० च्या दशकात पॅरिसचा. हाताने भाता मारावयाची बैठी पेटी कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी रूढ केली. आकाशवाणीने १९४० पासून तिच्यावर बंदी घातली. मींड निघत नाही, सूर ठोकळेबाज, श्रुतींचा घात होतो, असे आक्षेप होते आणि त्यांत तथ्यही होते. रवींद्रनाथ ठाकुरांनाही पेटी रुचत नसे. आमच्या धारवाडचे नभोवाणी केंद्र ८ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले. बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडले. ज्या गावात घरोघरी, देवळोदेवळी पेटी वाजत होती, त्याच गावच्या केंद्राला ती एकवीस वर्षे वर्ज्य होती! याच काळात बेळगावास रामभाऊ विजापुरे यांच्यासारखे पेटीवादक साथ करीत होते, शिष्य घडवीत होते. बंदी घालणारे थोर होते, कानाचे पक्के होते, आमच्यासारखे दोन चित्रफितींचे पंडित नव्हते. परंतु पेटीवर ज्याचे पोट आणि मान अवलंबून आहे त्याचे काय होणार, हे पेटीच्या गुणदोषांच्या चर्चेतून कळणे शक्यच नव्हते. तेथे तो प्रश्नच नव्हता.

यावर कोणी म्हणेल, आणि आमचे एक स्नेही म्हणालेच, की मग माणसाने तोंडच उघडू नये. प्रत्येक वाक्याची शेवटची लाट कोठे जाऊन फुटते हे पाहू गेल्यास चहाच्या गाड्यावर शुकशुकाट होईल. हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. शिवाय डब्याची निंदा करण्याचीही आमची इच्छा नाही. आमच्याच गल्लीतील वसतिगृहात परीक्षेच्या अभ्यासासाठी राहणारी एक मुलगी रात्री गच्चीवर मोबाईलमधला तंबोरा एका कानाला लावून हळू आवाजात रियाज करते. तिच्या खोलीत तंबोरा ठेवण्यास जागा नाही, घेण्यास पैसे नाहीत, मागे बसून छेडील असे कोणी नाही. तिला जर कोणी जवारीचे महत्त्व सांगू लागेल, तर तो आमच्याइतकाच आंधळा ठरेल. काकूंची जागा ज्या यंत्राने घेतली, त्याच यंत्राने या मुलीला जागा दिली आहे. तेव्हा यंत्र चांगले की वाईट, हा प्रश्न आम्ही सोडून दिला आहे.

मल्लिकार्जुन मन्सूर, बसवराज राजगुरू, गंगूबाई हनगल यांच्या या परिसरात तंबोऱ्यामागच्या जागेचा अर्थ आम्हांस नव्याने कळावा, हे लाजिरवाणेच. मैफलीच्या छायाचित्रांखाली गायकाचे नाव असते, तबलजीचे असते; मागे तंबोरा घेऊन बसलेल्यांचे क्वचितच. बहुधा ते शिष्य असतात. चार तारा एकामागून एक छेडीत, काही न बोलता, गुरूच्या पाठीकडे पाहत ते जे ऐकतात ते कोणत्याही शिकवणीत मिळत नाही. काकू कोणाच्या शिष्या नव्हत्या, पण इतकी वर्षे त्यांनी कोणाकोणाचे भजन तसे ऐकले असेल!

अण्णांना आम्ही हे सर्व सांगितले. आमचा समज होता की ते रागावतील. ते पंचपात्री पुसत होते. म्हणाले, “मत तू दिलंस. हो आम्ही पाच जणांनी म्हटलं. मी तर त्यांना रोज देवळात बघतो, मलासुद्धा आठवलं नाही.” यामुळे आमचे ओझे हलके व्हावयास हवे होते. तसे झाले नाही. सहा जणांत वाटले गेल्याने अपराध सहावा हिस्सा होतो की प्रत्येकाकडे पुरताच राहतो, याचा उलगडा आम्हांस अजून झालेला नाही. आमचा कल दुसऱ्या बाजूस आहे, कारण आम्ही बोललो नसतो तर त्या सभेत निदान पाच मिनिटे शांतता पसरली असती, आणि त्या शांततेत कदाचित कोणीतरी विचारले असते, “तंबोरा हल्ली धरतं कोण?” आमच्या तत्पर मताने तेवढी फट बुजवून टाकली.

मिरजेच्या एका कारागिराशी आता बोलणे झाले आहे. आम्ही मोठ्या हुशारीने चिरेचे आणि घोडीचे फोटो मोबाईलवरून पाठविले. त्यांचे उत्तर आले की चीर दिसते, ती बुजेल. जवारी मात्र फोटोत ऐकू येत नाही, वाद्य घेऊन या. दिवाळीनंतर बेळगावमार्गे रेल्वेने जाण्याचे ठरले आहे. खर्चाचा काही भाग आम्ही आमच्या मिळकतीतून देत आहोत, उरलेल्याची जुळवाजुळव अण्णा करीत आहेत. डबाही राहणार आहे. काकूंची बोटे दुखतील त्या दिवशी तो लागेल.

हे सांगण्यास आम्ही काकूंकडे गेलो, तेव्हा त्या येतो म्हणाल्या नाहीत, येत नाही असेही म्हणाल्या नाहीत. आत गेल्या आणि ट्रंक उघडल्याचा आवाज आला. “गवसणी माझ्याकडंच राहिली होती,” बाहेर येऊन म्हणाल्या, “धुवायला आणली होती आषाढात. तशी उघडी नेऊ नका प्रवासात.”