अग्नी विमानासाठी थांबवावा का?

मुलगा अमेरिकेत असेल, तर बापाचा अग्नी त्याच्यासाठी थांबवावा का? गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या आरमोरीतल्या घरांपुढेही हा प्रश्न आता येतो. न्यूयॉर्क ते मुंबई हवाई अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. थेट विमान मिळाले तरी 14-15 तास. पुढे नागपूरचे विमान, तिथून रस्त्याने वैनगंगेपर्यंत तीनेक तास. तिकीट आणि मधले थांबे धरले, तर दीड दिवस सहज जातो. मे महिन्यातल्या विदर्भात मयत तेवढा वेळ घरात ठेवणे म्हणजे देहाची विटंबनाच.

परदेशी असलेल्या आप्ताचा विचार धर्मशास्त्राने फार पूर्वी केला आहे. मनुस्मृती सांगते: दहा दिवसांच्या आत मृत्यू कळला तर उरलेले दिवस सुतक, त्यानंतर कळला तर तीन रात्री, वर्ष उलटल्यावर कळला तर स्नान पुरे. परदेश कशाला म्हणायचे, हे ठरवताना काही ग्रंथकारांनी योजने मोजली. काहींनी पाहिले, मधे मोठी नदी आहे का, दहा रात्रींत वार्ता पोचते का. मला हे वार्तेचे माप पटते. जे कळलेच नाही त्याचे ओझे माणसावर नाही. कळले त्या क्षणापासून तो बांधला जातो.

या मापाने पाहिले, तर पावसाळ्यात पर्लकोटा नदीवरचा पूल बुडून वार्ता अडली की आमच्याच जिल्ह्यातले भामरागड परदेश व्हायचे. न्यू जर्सी मात्र आज परदेश नाही. माझे बाबा पहाटे गेले, तेव्हा तिथे असलेल्या भावाला दोन मिनिटांत कळले. त्याच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. त्याने तिथेच स्नान केले, दिवा लावला आणि फोनवर मला म्हणाला, “ताई, तू अग्नी दे. बाबांना ताटकळत ठेवू नको.” दुपारच्या आत नदीवर मी अग्नी दिला. तो चौथ्या दिवशी पोचला आणि दहाव्याचे पिंड त्याने दिले.

वार्ता आता क्षणात पोचते. देहाला मात्र अजून विमान लागते. म्हणून दोन कर्तव्ये वेगळी ओळखली पाहिजेत. अग्नी हे मृताचे देणे आहे. जवळ जो असेल, मुलगी असली तरी, त्याने ते वेळेत फेडावे. शोक हे जिवंताचे देणे आहे. त्यासाठी परंपरेने दहा दिवस दिले आहेत, आणि पृथ्वीच्या कुठल्याही टोकावरून तेवढ्यात घरी येता येते. उशिरा पोचलेल्या मुलाचे पुत्रत्व उणे होत नाही. त्याचे सुतक तो जिथे होता तिथेच सुरू झालेले असते.

एवढे मात्र प्रत्येक आईबापाने धडधाकट असतानाच मुलांना सांगून ठेवावे: माझा अग्नी थांबवू नका, दहाव्यापर्यंत या. मरणाच्या दिवशी हा निर्णय रडणाऱ्या माणसांवर टाकू नये.